एकदा गर्भ गेल्यावर पुन्हा दिवस राहिले, तर मनाचं काय? सीमाभागातल्या बायकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पहिल्यांदा दिवस राहिले की बेळगावच्या घरात कुंद्याचा डबा येतो. आधी एकदा गर्भ गेलेला असला, की पुढच्या वेळी तीच बातमी बाई चार दिवस नवऱ्यालाही सांगत नाही. पट्टी पुन्हा पुन्हा तपासते. बाथरूमला गेली की आधी रक्ताचा डाग आहे का बघते. स्कॅनिंगच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. बाळाच्या कपड्यांकडे बघायचं टाळते, कारण गेल्या वेळी आणून ठेवलेले कपडे कुणाला तरी देऊन टाकावे लागले होते.

हे वेड नव्हे. लंडनमधल्या एका अभ्यासात (२०२०) सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांमध्ये महिनाभराने आघातानंतरच्या ताणाची लक्षणं सापडली: तेच प्रसंग डोळ्यांपुढे येणं, दचकून उठणं, दवाखान्याच्या वासानेसुद्धा छाती धडधडणं. नऊ महिन्यांनंतरही ती १८ टक्क्यांमध्ये टिकून होती. आपल्याकडे तर पुष्कळदा नऊ महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेले असतात, म्हणजे जुनी जखम ओली असतानाच नवं गरोदरपण सुरू होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही भीती घालवायच्या मागे लागू नका, तिची सोय लावा. कोणत्या आठवड्यात ती वाढणार, तेव्हा सोबत कोण असेल, फोन कुणाला लावायचा, कोणत्या दवाखान्यात जायचं, हे आधी ठरवून कागदावर लिहा. बीपी वाढेल तेव्हा बघू असं आपण म्हणत नाही, पहिल्या दिवसापासून मोजतो. मनालाही तोच नियम लावा.

पहिली पायरी: मागच्या वेळी काय झालं ते नीट समजून घ्या

बहुतेक बायकांच्या मनात गेलेल्या गर्भाचं एक कारण पक्कं बसलेलं असतं, आणि ते जवळजवळ नेहमी त्यांच्याच अंगावर येतं. बसने माहेरी गेले म्हणून. कळशी उचलली म्हणून. पपई खाल्ली म्हणून. सासूला उलट बोलले म्हणून. शेजारणीची दृष्ट लागली म्हणून. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत कारण गुणसूत्रांतली गडबड असतं. ती बी रुजतानाच झालेली असते, त्यात आईचा हात नसतो. एसटीच्या धक्क्यांनी किंवा भांडणाने धडधाकट गर्भ पडत नाही. कळून आलेल्या गरोदरपणांपैकी दहातली एक तरी अशी संपते. आपण बोलत नाही म्हणून ती आपल्या एकटीचीच वाटते. आणि एकदा गर्भ गेलेल्या बहुसंख्य बायकांचं पुढचं बाळंतपण सुखरूप होतं.

म्हणून जुनी फाइल शोधा. ती सापडली नाही तर ज्या दवाखान्यात क्युरेटिंग किंवा प्रसूती झाली तिथून डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. कितव्या आठवड्यात गेलं, ठोके आधी दिसले होते का, रक्तगट कोणता, एवढं त्यातून कळलं तरी नव्या डॉक्टरला दिशा मिळते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर मागच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का, हे आवर्जून विचारा. मागचा गर्भ नळीत राहिला असेल तर या वेळी सहाव्या-सातव्या आठवड्यातच स्कॅनिंग हवं. दोन किंवा जास्त गर्भ गेले असतील, किंवा सहा-सात महिन्यांचं बाळ पोटातच गेलं असेल, तर थायरॉइड, साखर, बीपी, रक्त गोठण्याचे दोष यांच्या तपासण्यांबद्दल बोला. तपासण्यांत काहीच सापडत नाही असंही पुष्कळदा होतं. ते ऐकायला त्रास होतो, पण याचा अर्थ पुढची आशा संपली असा नाही.

आपल्या भागात मामाशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्नं होतात. पुन्हा पुन्हा गर्भ जात असेल किंवा आधीच्या बाळात व्यंग असेल तर आनुवंशिक सल्ला जरूर घ्यावा. पण नात्यात लग्न झालेल्या बहुतेक जोडप्यांना निरोगी मुलं होतात. सगळं खापर त्या लग्नावर फोडून नवराबायकोने एकमेकांकडे बघायचं सोडावं, असं त्यात काही नाही.

मागचा गर्भ स्वतःहून काढला असेल तर

हे कुणाशी बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आधीची मुलं लहान होती, नवऱ्याचं काम सुटलं होतं, लग्नाआधीचं होतं, गर्भात मोठा दोष दिसला होता. कारणं अनेक असतात. आता हवंहवंसं मूल पोटात आहे आणि मन म्हणतं, 'त्याची शिक्षा मिळणार.'

शिक्षा मिळत नाही. नीट दवाखान्यात केलेल्या गर्भपातामुळे पुढे मूल राहत नाही, हे खरं नाही. मनाच्या बाबतीत ब्रिटनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अकादमीने २०११ मध्ये सगळा पुरावा तपासला. नको असलेलं गरोदरपण बाईने संपवलं काय किंवा पूर्ण केलं काय, मानसिक आजारांचं प्रमाण सारखंच राहतं, आणि पुढे त्रास होईल की नाही याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज आधीच्या मानसिक त्रासावरून येतो, असं त्यांना आढळलं. काही बायकांना नंतर नुसतं हायसं वाटतं, काहींना वाईट वाटतं, पुष्कळजणींना दोन्ही. यातलं काहीही चूक नाही.

कायद्याचंही सांगते, कारण भीती त्याचीही असते. १९७१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक अटींवर नोंदणीकृत डॉक्टरकडून गर्भपात करून घेता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही गटांतल्या बायकांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ पर्यंत. बाईचं नाव उघड करायला डॉक्टरला मनाई आहे.

वेगळी गोष्ट अशी की हवं असलेलं मूल व्यंगामुळे काढावं लागलं, किंवा मुलगी आहे म्हणून घरच्यांनी काढायला लावलं. ते दुःख मूल गेल्याचंच असतं, कधी त्याहून जड, कारण त्यात राग मिसळलेला असतो. गर्भलिंग तपासण्याविरुद्धचा १९९४ चा कायदा अशा प्रकरणात, उलट सिद्ध होईपर्यंत, लिंग तपासून घ्यायला बाईवर जबरदस्ती झाली असंच धरून चालतो. या गरोदरपणातही 'या वेळी काय आहे ते बघून घेऊ' असा दबाव सुरू झाला, तर तो नुसता मनाचा प्रश्न राहत नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन त्यासाठी आहे.

दुसरी पायरी: पहिल्या भेटीत सांगा, पण एकटीने सांगा

नाव नोंदवलं की तायी कार्ड, म्हणजे कर्नाटक सरकारचं गरोदर बाईच्या नोंदींचं कार्ड, मिळतं. त्यावर किंवा केसपेपरवर जी, पी, ए, एल अशी अक्षरं आणि पुढे आकडे असतात: कितवं गरोदरपण, किती बाळंतपणं, किती गर्भपात, किती मुलं हयात. गर्दीच्या ओपीडीत एखादी नर्स 'ए वन' असं मोठ्याने वाचते आणि मागे उभ्या सासूचे कान टवकारतात. म्हणून हे माहीत असू द्या: त्या 'ए'मध्ये आपोआप गेलेला आणि काढलेला, दोन्ही येतात. आकड्यावरून कुणालाही फरक कळत नाही.

डॉक्टरला मात्र खरं सांगा, कारण उपचार त्यावर ठरतात. 'मला दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय' एवढं म्हटलं की पुरे. नवऱ्याला किंवा आत्तीला, म्हणजे सासूला, बाहेर बसवणं हे डॉक्टरचं रोजचं काम आहे, त्यात तुमचा उद्धटपणा नाही. आणि त्याच भेटीत हेही सांगा: 'मागच्या वेळेपासून मला फार भीती वाटते, झोप येत नाही.' हे वाक्य उच्चारलं नाही तर पुढच्या नऊ महिन्यांत ते कुणी आपणहून विचारेल याचा भरवसा नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. गर्दी खूप असते, पण जोखमीच्या गरोदरपणाची नोंद तिथे होते.

भाषेची अडचण खरी आहे. बेळगावातले बरेचसे डॉक्टर मराठी बोलतात, पण शिकाऊ डॉक्टर आणि नर्स कुठूनही आलेल्या असतात, आणि घाबरलेल्या माणसाला येत असलेली कानडीसुद्धा आठवत नाही. चार वाक्यं फोनमध्ये लिहून ठेवा. मागे गर्भ गेलाय: 'ननगे हिंदे गर्भपात आगिदे.' फार भीती वाटते, झोप येत नाही: 'ननगे तुंबा भय आगुत्तिदे, निद्दे बरुत्तिल्ल.' बाळाची हालचाल कमी झालीय: 'कूसिन चलनवलन कडिमे आगिदे.' आणि स्कॅनिंगच्या टेबलावर: 'हृदयबडित इदेया, मोदलु हेळि', म्हणजे ठोके आहेत का ते आधी सांगा.

तिसरी पायरी: भीतीच्या आठवड्यांचं कॅलेंडर

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, किंवा कुणी बघू नये असं वाटत असेल तर वहीत, या तारखा टाका. मागच्या वेळी ज्या आठवड्यात गेलं तो आठवडा. गेलेल्या बाळाची ठरलेली तारीख. सगळी स्कॅनिंग: सहा-सात आठवड्यांचं ठोक्यांचं, ११ ते १४ आठवड्यांमधलं, १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराचं व्यंग बघायचं. या दिवसांच्या आसपास मन खाली जाणार हे धरूनच चला. त्या आठवड्यात पाहुणे नकोत, लग्नाला जाणं नको, आणि जमलं तर दवाखान्याची एक भेट मुद्दाम त्याच आठवड्यात ठेवा. तो आठवडा पार पडला की सगळी भीती जाईल अशी आशा मात्र ठेवू नका. ती कमी होते आणि पुढच्या खुणेपाशी जाऊन बसते.

स्कॅनिंगच्या दिवसाची तयारी वेगळी करा. पोटातलं बाळ गेल्याचं बहुतेक जणींना तिथेच कळलेलं असतं: डॉक्टर गप्प झाले, पडदा वळवला, 'नवऱ्याला बोलवा' म्हणाले. त्यामुळे आता कोणतीही शांतता जीवघेणी वाटते. लिंग सांगायला बंदी असल्यामुळे काही ठिकाणी डॉक्टर तोंडच उघडत नाहीत. पण ठोके आहेत हे सांगायला कायद्याची काही आडकाठी नाही. म्हणून आडवं होण्याआधीच सांगा: 'मागच्या वेळी इथेच वाईट बातमी कळली. आधी ठोके सांगा, मग बाकीचं सावकाश बघा.' सकाळची पहिली वेळ मागा; बाहेर तीन तास बसून वाट बघण्यात अर्धा जीव जातो. बातमी कशीही असो, त्या दिवशी घरी एकटीने बसने परतायचं नाही, हे आधीच ठरवा.

बाळाची हालचाल साधारण १६ ते २० आठवड्यांत जाणवू लागते. घरी ठोके ऐकायचं यंत्र ऑनलाइन मिळतं, ते घेऊ नका. स्वतःच्याच नाडीचा आवाज ऐकून खोटा दिलासा मिळतो, नाहीतर ठोके सापडले नाहीत म्हणून रात्रभर रडणं. २८ आठवड्यांनंतर बाळाची नेहमीची हालचाल मंदावली असं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'दिवस भरत आले की बाळ शांत होतं' असं म्हातारी माणसं म्हणतात, ते चूक आहे. आणि दहा वेळा जाऊन दहाही वेळा सगळं ठीक निघालं, तरी अकराव्या वेळी जायला लाजू नका. याच महिन्यांत झोपताना कुशीवर झोपा; जाग आल्यावर पाठीवर असाल तर नुसती कूस बदला, काळजी करत बसू नका.

चौथी पायरी: रोजचं

काळजीला वेळ द्या, पण ठरवून. संध्याकाळी पंधरा मिनिटं, जे जे मनात येतं ते वहीत लिहायचं, आणि त्यातलं डॉक्टरला विचारायचं तेवढं वेगळं काढायचं. दिवसभरात विचार आला की 'संध्याकाळी बघू'. रात्री आठनंतर मोबाइलवर गर्भपाताचे व्हिडिओ नकोत. छाती धडधडू लागली तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. डॉक्टरने विश्रांती सांगितली नसेल तर रोज चाला. गर्भ जपायचा म्हणून नऊ महिने खाटेवर पडून राहिल्याने गर्भ वाचतो असं दिसलेलं नाही, मन मात्र खचतं.

मिश्रीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ताण आला की दिवसातून चारदा मिश्री लावणाऱ्या बायका आपल्या गावोगाव आहेत, आणि ती तंबाखूच आहे. मुंबईत झालेल्या अभ्यासात अशी तंबाखू वापरणाऱ्या गरोदर बायकांमध्ये मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण 'तुझ्या मिश्रीनेच गेलं' असं कुणी म्हणू नये. 'आजपासून कमी करू' असं म्हणावं. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांनी या महिन्यांत जर्द्याला हात लावायचं काम शक्य तेवढं दुसऱ्याला द्यावं, निदान हवेशीर जागी बसावं आणि जेवणाआधी हात धुवावेत. पोट हातावर असलेल्या घरात हे सांगणं सोपं आहे आणि करणं अवघड, हे मला कळतं.

अंगणवाडीत कर्नाटकच्या मातृपूर्ण योजनेचं गरम जेवण मिळतं. तिथे जायला कितीतरी जणी टाळतात, कारण दुसऱ्या पोटुश्या बायका भेटतात आणि प्रश्न विचारतात. आशाला सांगून थोडी उशिरा जा, पण जा.

पाचवी पायरी: आता मदत हवी, हे कसं ओळखायचं

स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेला महिनाभर बहुतेक दिवस उदास, हताश वाटलं का? कशातच गोडी वाटेनाशी झाली का? एकाचंही उत्तर हो असेल तर बोलायची वेळ झाली. काही दवाखान्यांत उदासी ओळखायची एडिंबरो प्रश्नावली देतात. १९८७ मध्ये तयार झालेली ही दहा प्रश्नांची यादी गेल्या सात दिवसांबद्दल विचारते आणि कानडीतही वापरली जाते. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. दोन्हींतल्या कमतरतेने थकवा आणि उदासी येते, आणि ती औषधाने सुधारते.

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीही निवडता येते. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज नसते, तर बाजाराच्या दिवशी खानापुरातून लावा. कर्नाटकच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी ठेवण्याची पद्धत पडली. तुमच्याकडे तज्ज्ञ कधी येतात ते आशाकडून कळेल. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं रुग्णालय आहे, पुढे धारवाडची डिमहान्स ही मानसोपचार संस्था. निपाणीकराला कोल्हापूर आणि कागवाडकराला मिरज जवळ पडतं, तर तिकडेच जा. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये गरोदर आणि बाळंत बायकांसाठी खास विभाग आहे.

सौम्य त्रासाला समुपदेशन पुरतं. जास्त असेल तर गरोदरपणातही चालतील अशी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यातलं नेहमीचं. आधीपासून गोळ्या सुरू असतील तर पोटातल्या बाळाच्या भीतीने एका दिवसात बंद करू नका; आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. व्हॅल्प्रोएट मात्र बाळाला घातक ठरू शकतं. ते सुरू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरला फोन करा, आपल्या मनाने थांबवू नका.

मरावंसं वाटणं, स्वतःला इजा करायचे विचार, कानात आवाज येणं, दोन-तीन रात्री अजिबात झोप नसणं: यात वाट बघायची नाही. तिला एकटीला सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, १०८ ला फोन करा किंवा थेट जिल्हा रुग्णालयात न्या.

घरच्यांनी

'जाऊ दे, दुसरं होईल' हे वाक्य विसरा. आता दुसरं आलंय आणि पहिलं तिच्या मनातून गेलेलं नाही. 'काही होत नाही ग' याऐवजी 'मी येते तुझ्याबरोबर' म्हणा. नवऱ्याचंही मूल गेलेलं असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. तो कारखान्यावर जादा पाळ्या घेतो, नाहीतर प्यायला लागतो, आणि बायकोला वाटतं याला काहीच नाही. त्याला निदान एका स्कॅनिंगला आत न्या.

यल्लम्माला नवस बोलायला हरकत नाही, मन शांत होत असेल तर बोला. पण कडक उपास आणि सौंदत्तीच्या डोंगराची पायपीट बाळंतपणानंतरवर ढकला. करणी काढणाऱ्याला पैसे देऊ नका. डोहाळजेवण हवं की नको, किती माणसांत, हे तिलाच विचारा. ओटी साधी घरातल्या घरात भरली तरी चालते. आणि गर्भ गेलेल्या बाईला दुसरीच्या ओटीभरणाला मागे बसवायची रीत आपल्या घरापुरती तरी मोडा.

माहेर, बाळंतपण आणि नंतर

सासर हुक्केरीत आणि माहेर गडहिंग्लजला, अशा घरांत सातव्या महिन्यात राज्य बदलतं: आशा बदलते, कार्ड बदलतं, डॉक्टर बदलतो. तायी कार्डावरचा आरसीएच (माता-बाल नोंदणीचा) नंबर, मागची फाइल, मनाच्या गोळ्यांची नावं आणि मात्रा यांचे फोटो काढा, आणि निघण्याआधी तिकडच्या दवाखान्यात एकदा जाऊन या. पावसाळ्यात दिवस भरणार असतील आणि गावचा रस्ता पाण्याखाली जात असेल, तर शेवटचे दोन आठवडे शहराजवळच्या नातेवाइकाकडे राहा.

बाळ हातात आलं की सगळं मिटलं, असं घरचे धरून चालतात. ब्रिटनमधल्या १३ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत (२०११) आधी बाळ गमावलेल्यांची उदासी आणि काळजी निरोगी मूल झाल्यावरही जवळजवळ तीन वर्षं टिकलेली दिसली. बाळाचा श्वास चालतोय का हे रात्रभर बघणं, बाळाला जवळ घ्यायची भीती, आनंद का होत नाही म्हणून लाज, हे सगळं त्यातच येतं. म्हणून सहाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी बाळाबरोबर आईचीही भेट ठरवा, तेच दोन प्रश्न पुन्हा विचारा. गोळ्या सुरू असतील तर दूध पाजताना चालतील का, हे प्रसूतीच्या आधीच डॉक्टरकडून लिहून घ्या, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत त्यावर वाद होणार नाही.